आजोबांची रॅले: पावडर कोटिंग करू की आहे तशीच ठेवू?

अमळनेरकर
नमस्कार मंडळी. अमळनेरच्या आमच्या धाब्याच्या घरात आजोबांची काळी रॅले सायकल आहे, रॉडचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागच्या चाकात तीन गिअरचा हब (चाकाचा मधला तुंबा). आजोबा प्रताप मिलला ह्याच गाडीवर जायचे. मला ती चालवायचीये, शोभेला उभी नाही करायची. घरचे म्हणतात पावडर कोटिंग (भट्टीत भाजून पक्का केलेला रंग) करून एकदम नवी कोरी कर. तर सांगा, ही खरी इंग्लंडची की आपल्याकडची हे कसं ओळखायचं, रंग द्यायचा का, आणि मधला गिअर टाकला की कधी कधी पायडल मोकळंच फिरतं ते काय असेल?

तापीकाठ
भाऊ, रंगाला हात लावू नका, हात जोडून सांगतो. त्या काळ्या रंगावर सोनेरी रेघा असतील बघा, मडगार्डवर आणि दांड्यावर, त्या हाताने ओढलेल्या आहेत, एकदा पावडर कोटिंगच्या भट्टीत गेली की त्या परत येत नाहीत. आधी साध्या साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने धुवा, मग क्रोमवर गंज असेल तर अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा करून पाण्यात भिजवून घासा, निम्मं काम तिथंच होतं. रंगाला मेणाचं पॉलिश बस. टवका उडालाय तिथे उडालेला राहू द्या, तो पण तुमच्या आजोबांचाच आहे.

ओळखायचं म्हणाल तर पुढचा बिल्ला बघा, नॉटिंगहॅम इंग्लंड लिहिलंय का. कंपनी तिथली, १८८० च्या दशकात रॅले स्ट्रीटवर सुरू झाली म्हणून नाव रॅले. पण आपल्याकडे १९५० च्या दशकात सेन-रॅलेने बंगालात असनसोलला गाड्या बनवायला घेतल्या, त्या पण दणकट होत्या, त्यामुळे असनसोलची निघाली तर मन खट्टू करू नका. चेनच्या दातेरी चक्रात बगळ्याची डोकी कोरलेली दिसली तर रॅले नक्की, पण कुठली ते त्यावरून ठरत नाही.

भुसावळ जंक्शन
गिअरचं मी सांगतो. हब स्टर्मी-आर्चर कंपनीचा असणार, बहुतेक एडब्ल्यू मॉडेल. हा हब सहसा बिघडत नाही, फक्त सुकतो आणि केबल ढिली होते. हबच्या मधोमध तेल घालायचं छोटं टोपण आहे, त्यातून पातळ मशीन ऑईल घाला, ग्रीस नाही आणि खोबरेल तर अजिबात नाही, ते आत चिकट होऊन बसतं. गाडी आडवी करून चाक हाताने फिरवत ठेवा म्हणजे तेल आत उतरेल. मग केबल. मधला गिअर टाका आणि उजव्या बाजूच्या नटला जे भोक आहे त्यातून आत बघा, गिअर केबलच्या टोकाच्या छोट्या साखळीला जोडलेल्या दांडीचं टोक एक्सलच्या टोकाशी बरोबर एका पातळीत दिसलं पाहिजे, आत गेलं किंवा बाहेर आलं तर साखळीजवळचा छोटा नळीसारखा नट फिरवून जुळवा. पायडल मोकळं फिरण्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच. तीन गिअर म्हणजे मधला सरळ, खालचा पाऊणपट, वरचा सव्वापटीहून थोडा जास्त. आपल्याकडे सपाट रस्ता आहे, वरचा गिअर टाकून धरणगावच्या रस्त्याला निघा आणि बघा कशी निघते.

आणि हो, हबच्या अंगावर आकडे कोरलेत, ते वाचून इथे टाका.

शिरपूरवाला आबा
बठ्ठा माल असली शे भाऊ, सांभाळा. माझ्याकडून दोन गोष्टी. कॉटर पिन (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, एक्सलला घट्ट धरणारी खुंटी) काढताना गॅरेजवाला खाली आधार न देता हातोडा मारू लागला तर थांबवा त्याला. क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपासून टेकवून उभा करा, नट पिनच्या टोकाशी समतल येईल इतका ढिला करा आणि मग एकच जोरात ठोका, नाहीतर आतले छर्रे आणि ते बसतात ते कप सगळं दणके खातं. जुने कप फेकू नका बरं, बाकीच्या इंग्लिश गाड्यांचे आटे इंचाला २४ असतात आणि रॅलेचे २६, नवा कप घातला तर आटे मारले जातील आणि फ्रेमच वाया जाईल. टायरची चिंता नाही, २८ बाय दीड तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं.

दुसरं सीट. ब्रुक्स कंपनीची कातड्याची असेल तर आपल्या मे महिन्यात उन्हात ठेवायची नाही, पंचेचाळीसला कातडं कडकडीत होतं आणि रिव्हेटजवळ फाटतं. शेंगदाण्याचं तेल चोपडणारे खूप बघितले, ते कातडं मऊ होऊन सैल पडलं की मधे झोळी होते. कातड्यासाठी जे मेणासारखं मलम मिळतं ते थोडंसं वरून, खालून एकदा, आणि पुढच्या नाकाखालचा नट अगदी पाव फेरा, तेही झोळी झाली असेल तरच.

अमळनेरकर
लय भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. बिल्ल्यावर नॉटिंगहॅम इंग्लंड दिसतंय! आणि हबवर काजळी पुसल्यावर एडब्ल्यू ५१ ८ असं दिसलं.

भुसावळ जंक्शन
मग हब १९५१ सालचा, ऑगस्टचा. पहिला आकडा साल, दुसरा महिना. चाक कधी बदललं नसेल तर गाडी पण तेव्हाचीच. घरात कोणाला विचारा, तेव्हा कोणाचं लग्न होतं का, आमच्याकडे त्या काळात जावयाला रॅले द्यायची पद्धत होती.