कुंडीतला वाळा: यांच्यात नर नसतातच का हो?

मोगरा_धरमपेठ: काल कूलरखालची मोगऱ्याची कुंडी सरकवली. पाणी झिरपून तिथली माती मार्चपासून ओलीच. खालून गांडुळासारखं काहीतरी निघालं, पण काळं, चकचकीत, अन् गांडुळाला कुठली एवढी घाई! सासूबाई म्हणाल्या, दुतोंड्या. बारावीतला भाचा म्हणतो, "मावशी, हा वाळा साप. बिनविषारी. आणि ही मादीच, यांच्यात नर नसतातच." अमेरिकेतल्या कुठल्याशा सरड्याचंही तेच सांगून राहिला होता. मला वाटलं, पोट्टा मस्करी करून राहिला. कोंबडीही कोंबड्याशिवाय अंडं देते म्हणा, पण त्यातून पिल्लू निघतं का?

निवृत्त_मास्तर: पोट्टा बरोबर आहे. वाळ्याचा नर आजवर खात्रीने कुणाला सापडलेला नाही. गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. मादी एकटीच अंडी घालते, पिल्लं आईची नक्कल.

तो सरडा म्हणजे न्यू मेक्सिकोचा व्हिपटेल, दिसायला आपल्या सापसुरळीसारखा, पट्ट्यापट्ट्यांचा. २००३ पासून त्या राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी. दोन वेगळ्या जातींच्या संकरातून ही जात झाली. अंडं तयार होताना गुणसूत्रं आधी दुप्पट होतात, मग निम्मी. म्हणजे संच पुराच राहतो, बापाकडून काही यायची गरजच नाही. गंमत पुढे आहे. याच्याच एका भाऊबंद जातीत (तिथेही सगळ्या माद्याच) एक मादी दुसरीवर नरासारखी चढते, आणि अशी सोबत असली की अंडी जास्त होतात. वर्गात हे सांगताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची.

कॉटनमार्केट_भाऊ: सगळ्या सारख्याच, तर एक रोग आला की सगळ्या साफ ना?

निवृत्त_मास्तर: ती भीती आहेच. पण नव्या जागी वसायला एकटी पुरते. वाळा कुंड्यांच्या मातीतून जगभर असाच पसरला. बाई, मारू नका. मुंग्यांची अन् उधईची अंडी खातो.

मोगरा_धरमपेठ: नाही मारला, कुंडीतच सोडला. बहुतेक नर्सरीच्या मातीतूनच आला असावा. पण काका, मागच्याच आठवड्यात या कुंडीतलं एक रोप मातीसकट वरच्या मजल्यावरच्या काकूंना दिलं. त्या पालीलाही घाबरतात. सांगू की नको?