लोहगावचा हवाई तळ: मुंबईच्या रक्षणासाठी उभारला, मग आज कशासाठी?

प्रश्न (मुळाकाठ):
लोहगावचा तळ ब्रिटिशांनी १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारला, असे वाचनात आले. महायुद्धाच्या तोंडावर हा विचार समजण्यासारखा आहे. आज मात्र पश्चिम सीमा शेकडो किलोमीटर दूर असताना सुखोईसारखी आघाडीची लढाऊ विमाने पुण्यात का ठेवली जातात? वाढत्या शहराची प्रवासी विमाने याच धावपट्टीवर उतरत असल्याने हा तळच दुसरीकडे हलवावा, असे मत अधूनमधून ऐकू येते. त्यात कितपत तथ्य आहे? तळाचा इतिहास आणि सध्याची भूमिका या दोन्हींविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १ (जुना दप्तरी):
मुंबईचे संरक्षण हा केवळ प्रारंभीचा हेतू होता. महायुद्धाच्या काळातच या तळावर मॉस्किटो, वेलिंग्टन आणि स्पिटफायर अशी निरनिराळ्या कामांची विमाने येऊन गेली. स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, मे १९४७ मध्ये, तळाचा ताबा तत्कालीन रॉयल इंडियन एअर फोर्सकडे आला.

या तळाचे महत्त्व समजून घ्यायचे असेल, तर माझ्या मते १९६१ ची गोवा मोहीम नीट पाहावी. त्या मोहिमेतील हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती आणि पुणे व बेळगावजवळील सांबरा या दोन तळांचा मुख्यतः वापर झाला. १८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी गोव्यातील दाबोळीच्या धावपट्टीवर सुमारे ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. पाठोपाठ ८ कॅनबेरांची दुसरी तुकडी गेली. धावपट्टी निकामी करावी, परंतु टर्मिनलच्या इमारतीला धक्का लावू नये, अशी स्पष्ट आज्ञा होती आणि ती पाळली गेली. तरीही पोर्तुगीजांनी रात्रीत धावपट्टीचा काही भाग कसाबसा दुरुस्त केला आणि अंधारात दोन प्रवासी विमाने समुद्रावरून कराचीकडे निसटली. खड्डे पडलेली धावपट्टी किती लवकर बुजवता येते, याचा तो धडाच होता. पुढे तेच दाबोळी आपल्या नौदलाचा तळ झाले आणि तेथेही प्रवासी विमाने नौदलाच्या धावपट्टीवरूनच ये-जा करू लागली, हे आपल्या प्रश्नाच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रतिसाद २ (दूरदर्शक):
"सीमा दूर असताना पुण्यात का?" या प्रश्नाचे उत्तर विमानाच्या पल्ल्यात आहे. सर्वच लढाऊ विमाने सीमेलगतच्या तळांवर ठेवली, तर पहिल्याच हल्ल्यात ती जमिनीवर सापडण्याचा धोका असतो. म्हणून पुढच्या फळीच्या मागे, खोलवर असलेल्या तळांची साखळी लागते. हवेत इंधन न भरता सुखोई-३० एमकेआय सुमारे ३,००० किलोमीटर उडू शकते आणि पुण्याहून कराचीचे सरळ अंतर साधारण हजार किलोमीटर आहे. त्यात हवेत इंधन भरून देणारी आयएल-७८ विमाने जमेस धरली, तर पश्चिम सीमा आणि अरबी समुद्राचा मोठा पट्टा एकाच तळाच्या आवाक्यात येतो. पल्ला कमी असलेल्या विमानांना सीमेजवळ राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. सुखोईला ते बंधन नाही.

नवी विमाने रुळवण्याचे कामही या तळाकडे वारंवार आले आहे. मिग-२९ ची भारतातील सेवा १९८७ मध्ये येथेच सुरू झाली. १९९७ मध्ये सुखोई-३० ची पहिली तुकडी येथे दाखल झाली आणि २७ सप्टेंबर २००२ रोजी सुखोई-३० एमकेआय २० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये समाविष्ट झाले. डॉ. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील यांनी २००९ मध्ये राष्ट्रपती असताना सुखोईतून उड्डाण केले, तेही लोहगावहूनच. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा सुखोई जुळणीचा कारखाना आणि वायुदलाचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो (विमाने दुरुस्त करणारे केंद्र) आहे. ओझर लोहगावहून हवाई मार्गाने पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे, ही सोयही कमी महत्त्वाची नाही.

प्रतिसाद ३ (घाटमाथा):
वरील विवेचनाशी मी सहमत आहे. तळ हलवण्याबद्दल मात्र थोडे रोखठोक लिहितो. वर्तमानपत्री चर्चेत वायुदलाने विमानतळाची अडवणूक केल्याचा सूर असतो. प्रत्यक्षात येथील प्रवासी विमानतळ हा वायुदलाच्या तळावरील 'सिव्हिल एन्क्लेव्ह', म्हणजे प्रवासी वाहतुकीसाठी दिलेला नागरी भाग आहे. टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचे आहे, तर धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण वायुदलाकडे आहे. श्रीनगर, चंडीगड, जोधपूर, बागडोगरा येथेही हीच व्यवस्था आहे. याचा प्रत्यय धावपट्टीच्या नूतनीकरणाच्या वेळी आला. ऑक्टोबर २०२० पासून रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत उड्डाणे बंद होती आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात तर प्रवासी वाहतूक पूर्णपणे थांबली. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाल्याने प्रवाशांना ऐसपैस जागा मिळाली, परंतु धावपट्टी तीच, सुमारे २,५३५ मीटर लांबीची राहिली. टर्मिनल वाढवून स्लॉट (विमान उतरण्या-उडण्यासाठी ठरवून दिलेल्या वेळा) वाढत नाहीत, हे साधे गणित अनेकदा विसरले जाते.

तळ हलवणे म्हणजे केवळ विमाने उडवून दुसरीकडे नेणे नव्हे. लढाऊ विमानांसाठी भक्कम शेल्टर, जमिनीखालील इंधनसाठे, दारूगोळ्याची कोठारे आणि त्यांच्याभोवतीचे सुरक्षित अंतर, रडार, कार्यशाळा, निवासस्थाने हे सारे नव्याने उभारावे लागते. त्यापेक्षा प्रवासी वाहतूक अन्यत्र नेणे सोपे असते. पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळामागील विचारही तोच आहे.

मुळाकाठ:
सर्वांचे आभार. एक शंका उरते. पुरंदरचा विमानतळ झाला, तर लोहगाव प्रवाशांसाठी बंद करावे लागेल का?

घाटमाथा:
तसे करणे लष्करी दृष्टीने आवश्यक नाही. एन्क्लेव्ह ठेवायचे की नाही हा नागरी विमान वाहतुकीचा आणि अर्थकारणाचा निर्णय असेल. मोठ्या पल्ल्याची उड्डाणे पुरंदरला आणि थोडी देशांतर्गत उड्डाणे लोहगावला, अशी विभागणी करता येईल. तसे झाल्यास वायुदलाला सरावासाठी अधिक मोकळा वेळ मिळेल. आज मात्र लढाऊ विमानांचा सराव आणि प्रवासी उड्डाणे एकाच धावपट्टीवर आलटून पालटून बसवावी लागतात.