विषय: न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचा लॅपटॉप – दुरुस्ती की नवा?

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.

संक्रांतीला दारावर लागलेली रांग तिळगुळासाठी नव्हती, हे आलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लॅपटॉप उघडून तिकिटांची यादी दिसेपर्यंत निम्मी मंडळी कागदावर नावं लिहून आत गेली. हा लॅपटॉप २०१८ साली सेलमध्ये, त्यातल्या त्यात स्वस्त बघून घेतलेला. आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकते. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, आणि तपासणीचं ॲप म्हणतंय की यावर विंडोज ११ चालणार नाही. समितीचा कल नवा घेण्याकडे आहे, ४०० डॉलरपर्यंत. कुणाला काही सुचवायचं असेल तर शुक्रवारपर्यंत लिहा.

---

प्रेषक: खजिनदार

४०० कशाला? दुकानाच्या फ्लायरमध्ये २३० डॉलरला नवाकोरा दिसतोय, विंडोज ११सकट. फोटो जोडलाय. हॉलचं भाडं यंदा वाढलंय, एवढं लक्षात असू द्या.

---

प्रेषक: पार्सिपनीकर

खजिनदारसाहेब, फोटोतलं बारीक अक्षर वाचलंत का? सेलेरॉन एन४०२० (दोन कोअर), ४ जीबी रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली, आणि डिस्कच्या जागी ६४ जीबीचं ईएमएमसी, म्हणजे बोर्डालाच जडवलेली साठवणीची चिप. विंडोज आणि त्याचे अपडेट यांतच त्यातली अर्धी जागा जाते. वर्षभरात 'जागा शिल्लक नाही' म्हणून अपडेट अडकतील आणि तेव्हा आत बदलता येण्यासारखं काहीही नसेल. शिवाय एस मोड असतो. म्हणजे स्टोअरबाहेरचं काही बसवायचं तर आधी तो काढा. २३० डॉलर देऊन आपण आहे त्यापेक्षा मंद प्रोसेसरचं मशीन घरी आणू. दुकानात पहिली दहा मिनिटं छान पळतं, त्याला भुलू नका.

आहे त्या लॅपटॉपबद्दल तीनच गोष्टी कळल्या की निर्णय सोपा होईल. तो मंद झालेला असताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्क किती टक्के आणि सीपीयू किती टक्के? आय३च्या पुढचा पूर्ण आकडा काय? आणि ॲप 'नाही' म्हणताना नेमकं कारण काय देतं?

ताई, मशीन तुमच्याकडे शाळेत असतं ना? बघून सांगाल?

---

प्रेषक: मराठी शाळा

दादा, आज वर्ग सुरू व्हायच्या आधी बघितलं. डिस्क १००%, तिथून हलतच नाही. सीपीयू मात्र १०-१५ टक्क्यांवर निवांत. प्रोसेसर आय३-८१३०यू. ॲपमध्ये लाल फुली एकाच ठिकाणी, 'टीपीएम २.०'. मुलांपैकी एकाच्या बाबांनी हौसेनं खालचं झाकण उघडलं: एक रॅम बोर्डावरच आहे, शेजारी एक स्लॉट रिकामा. धूळ इतकी होती की पंख्याची पाती दिसेनात. ती ब्रशनं काढली.

माझी एवढीच विनंती आहे की रविवारी सकाळी प्रोजेक्टरला जोडल्यावर बाराखडी दिसायला हवी. जुना की नवा, मला फरक पडत नाही.

---

प्रेषक: पार्सिपनीकर

ताई, उत्तम. त्या बाबांना मंडळाच्या तांत्रिक समितीवर घ्या.

सगळा घोळ डिस्कचा आहे. ही ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इथून-तिथून वाचाव्या लागतात आणि तबकडीवरचा प्रत्येक तुकडा फिरून वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसते थांबण्यात जातात. डोकं सरकायचा वेळ वेगळाच. त्यात रॅम ४ जीबी. ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की ती भरते, मग विंडोज उरलेलं ओझं त्याच तबकडीवर टाकतं. म्हणून डिस्क १००% आणि प्रोसेसर रिकामटेकडा. प्रोसेसरची त्यात काहीच चूक नाही. एसएसडी म्हणजे चिपवरची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे ही वाट बघणं जवळजवळ संपतं.

विंडोज ११ आठव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरना चालतं, आणि ८१३०यू हा आठव्या पिढीचाच. टीपीएम म्हणजे विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय; तिची फुली येते कारण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंग्जमध्ये, इंटेलची पीटीटी नावाची तीच सोय बंद आहे. त्या काळात काही मशीन तशीच यायची. ती सुरू करायची, बूट (मशीन सुरू व्हायची पद्धत) जुन्या 'लेगसी'वर असेल तर नव्या यूईएफआयवर आणायचं, की फुली जाईल. आपला प्रोसेसर सातव्या पिढीचा असता तर मी सरळ म्हटलं असतं, पैसे घालू नका. फार तर पैसे भरून किंवा सेटिंग्ज सिंक करून मिळणाऱ्या जादा अपडेटवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ढकला, नाही तर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स मिंट टाका.

खर्च असा. २५० जीबीची २.५ इंची साटा एसएसडी, चाळीसच्या आसपास. ८ जीबी डीडीआर४ लॅपटॉप रॅम, पन्नास ते साठ. दीड-दोन वर्षांपूर्वी हीच काडी वीसला मिळायची. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी पळवली आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल हा घरगुती ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा 'रॅम काय, स्वस्तच असते' हा जुना सल्ला आता चालत नाही. पैसे कमी पडले तर आधी एसएसडी घ्या, रॅम नंतर. बॅटरी आणखी चाळीस. एकूण दीडशेच्या आत.

माझी रेघ दोनशेवर आहे. उघडल्यावर बिजागरी तुटलेली किंवा चार्जिंगचं पोर्ट सैल निघालं आणि आकडा त्यापुढे गेला, तर थांबायचं.

---

प्रेषक: एडिसनकर

दादांचं पटलं, पण एक तिसरी वाट कुणी काढलीच नाही. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लीजचे लॅपटॉप परत करतात, ते रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून, मिळतात. लेनोवोचा थिंकपॅड टी१४ किंवा डेलचा लॅटिट्यूड ५४२०, १६ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज ११ अधिकृत, तीनशेच्या आसपास. कीबोर्ड दणकट, पडला तरी रडत नाही. दीडशे डॉलर आठ वर्षांच्या प्लास्टिकमध्ये घालायचे की दुप्पट देऊन पाच वर्षं बघायचं नाही? विक्रेत्याची वॉरंटी किमान ९० दिवस हवी, आणि बॅटरीची मूळ क्षमता किती आणि उरलीय किती हे बॅटरी रिपोर्टमध्ये आल्या आल्या तपासायचं.

जुना कचऱ्यात टाकू नका मात्र. न्यू जर्सीत २०११ पासून कॉम्प्युटर घरच्या कचऱ्यात टाकायला बंदी आहे. अशा वस्तू घेणाऱ्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) केंद्रावर न्या.

---

प्रेषक: दिवाळी अंक

मंडळी, जरा थांबा!

त्या लॅपटॉपवर आपल्या अंकांच्या मूळ फायली आहेत. पहिले कित्येक अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरनं लावलेले. त्यातला मजकूर युनिकोड, म्हणजे आजच्या कुठल्याही मशीनवर वाचता येणारा, नाही. श्रीलिपीचा फाँट नसलेल्या मशीनवर तो उघडला की 'माझी आजी'च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. पीडीएफमध्ये दिसायला ठीक दिसतं, पण एखादी कविता कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, पुन्हा तोच कचरा. श्रीलिपी चालते ती मागे यूएसबीत खोचलेल्या लॉकवर; तो नसेल तर ती सुरूच होत नाही. तो लॉक कुणीतरी पेन ड्राइव्ह समजून मुलांना वाटून टाकेल, ही माझी कायमची धास्ती. मागे माउस लावायला जागा हवी म्हणून एकानं तो उपटला होता.

नवं मशीन घेतलंत तर त्यावर हे सगळं नव्यानं बसेल याची खात्री कोण देणार? विंडोज ११वर इतकं जुनं पेजमेकर चालवत बसायची माझी तरी तयारी नाही. हौशी लेखकांनी एका बोटानं टाइप करून पाठवलेलं आहे ते, दुसरी प्रत कुणाकडे नाही.

---

प्रेषक: पार्सिपनीकर

काका, हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. यामुळे पारडं दुरुस्तीकडे झुकतं.

बेत असा करू. जुनी डिस्क पुसायची नाही, तिचं क्लोनही (हुबेहूब नक्कल) करायचं नाही. आहे तशी काढून, चिठ्ठी लावून ठेवायची. नव्या एसएसडीवर विंडोज ११ कोरं बसवायचं. लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, त्यामुळे नेटला जोडल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होईल. काकांना अंक उघडायचा असेल त्या दिवशी चार स्क्रू काढून जुनी डिस्क परत लावायची, बूट लेगसीवरून बदललं असेल तर पुन्हा तिथे आणायचं, वायफाय बंद ठेवायचं, की त्यांची श्रीलिपी जिथल्या तिथे. दुसऱ्या लॅपटॉपमध्ये ती डिस्क अशी सुखासुखी सुरू होईलच असं नाही, म्हणून एडिसनकर, या खेपेला तुमचं थिंकपॅड मागे.

पण डिस्कही आठ वर्षांची आहे. तिला हात लावायच्या आधी फायली दोन ठिकाणी उतरवून घ्यायच्या. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून 'पेंडिंग सेक्टर' (वाचता न येणारे, संशयास्पद तुकडे) शून्य आहेत का ते बघतो. नसतील तर बाकी सगळं बाजूला, आधी कॉपी. आणि काका, एकेक अंक युनिकोडमध्ये आणायला घेऊ या. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकवतात, तेव्हा मुद्रितशोधन तुमच्याकडेच.

---

प्रेषक: एडिसनकर

मान्य. पण बिजागरी गेली की माझी मेल पुन्हा काढा.

---

प्रेषक: खजिनदार

दोनशेपर्यंत मंजूर. एसएसडी आणि बॅटरी आत्ता घ्या. पॅटरसनच्या मायक्रो सेंटरमध्ये रॅम स्वस्त दिसली तर तीही. बिल मंडळाच्या नावानं हवं, व्हॉट्सॲपवरचा अर्धवट फोटो चालणार नाही. उरलेले शाळेच्या पुस्तकांना.

---

प्रेषक: मराठी शाळा

रविवारी वर्ग साडेबाराला सुटतो, त्यानंतर खोली आपल्याकडे दोनपर्यंत आहे. दादा, बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर तुम्ही आणा, शाळेतला बोथट झालाय. काका, लॉक मी काढून लिफाफ्यात घातलाय, वर तुमचं नाव लिहिलंय. तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही.