डॉक्टर व्हायचं ठरवलं, मग मन कधी डगमगलं?

दहावीत चांगले गुण पडले की आमच्या वाड्यावर मुलीला ‘डॉक्टरीण’ म्हणायला लागतात. त्यानंतर ‘मला जमेल का?’ हे कुणाला विचारायची सोयच राहत नाही. गोव्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकच, बांबोळीचं. त्यामुळे लोकांचा प्रश्नही एकच, ‘गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) लागली?’ वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मी दोनदा दिली. त्या दिवसांत दुसऱ्या कुणाचं असं वाचायला मिळालं असतं तर बऱ्याच रात्री सुसह्य झाल्या असत्या. म्हणून हा धागा. गुण सांगू नका, त्याआधीचं सांगा. सुरुवात मी करते.

डिचोली तालुका
मार्च २०१८मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती. बाबांचा खाणीवरचा ट्रक त्या दिवसापासून दारात उभा. हप्ते मात्र चालूच. मी खिडकीशी अभ्यासाला बसायचे, समोर तो ट्रक, चाकांभोवती वाढलेलं गवत. २०२०ची नीट पुढे ढकलत ढकलत १३ सप्टेंबरला झाली. चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात हे माहीत असूनही भौतिकशास्त्रात मी अंदाजाने गोल भरत गेले. पुन्हा परीक्षेसाठी ड्रॉप घ्यायचा म्हणजे बाबांना अजून एक वर्ष थांबा म्हणायचं. मी नर्सिंगला जाते म्हटलं. बाबा म्हणाले, ‘ट्रक विकतोय तो तुझ्यासाठी नव्हे, गंजतोय म्हणून.’ खरं काय ते मला कळत होतं.

पुढच्या वर्षी गणेशचतुर्थी, आमची चवथ, १० सप्टेंबरला आणि परीक्षा १२ला. गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला पहिल्यांदाच माझा हात नव्हता. खाली आरती सुरू झाली, नि मी माडीवर सेंद्रिय रसायनाची वही पुढ्यात घेऊन रडत होते. आई वर आली, वही मिटली. ‘आरतेक यो. पांच मिनटांनी कोण नापास जायना.’ त्या दिवशी मी पाच मिनिटं नाही, तासभर खाली बसले.

काणकोण
दोन प्रयत्नांनंतर मी थांबलो. शिरोड्याला आयुर्वेदाला प्रवेश घेतला. साडेचार वर्षं आणि वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे काळ एमबीबीएसइतकाच. तरी पहिलं वर्षभर नातेवाईक ‘आणखी एकदा दे’ म्हणत राहिले, आणि खरं सांगतो, मलाही आतून तेच वाटायचं. रुग्णांसमोर बसायला लागल्यावर ते कमी झालं. पूर्ण गेलेलं नाही.

पेडणे
चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीत एकदम इंग्रजी. नीट मराठीतूनही देता येते, पण अकरावी-बारावी इंग्रजीतून झाल्यावर ‘मूत्रपिंड’ वाचलं की आधी ‘किडनी’ आठवावं लागे. मी इंग्रजीच घेतली. प्रवेश मिळाला तरी पहिल्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत उत्तर डोक्यात असायचं, वाक्य जुळायचं नाही. आपण चुकून इथे आलोय असं सहा महिने वाटत होतं. पुढे वॉर्डात सावंतवाडीकडची एक आजी भेटली. कुणाला काही सांगेना. मी तिच्या बोलीत विचारलं, तेव्हा कळलं की तिने रक्तदाबाच्या गोळ्या महिन्यापूर्वीच सोडल्या होत्या, पैसे संपले म्हणून. ते मी सरांना इंग्रजीत सांगितलं. अडखळतच, पण सांगितलं.

फोंडा, एक आई
मुलगा ड्रॉपवर आहे. जेवताना मी रोज मॉक टेस्टचे गुण विचारायचे. हळूहळू तो ताट खोलीत न्यायला लागला. मग मी विचारायचं बंद केलं. फार जड गेलं. दोन महिन्यांनी तो स्वतःहून स्वयंपाकघरात आला नि म्हणाला, ‘आई, डॉक्टर मला व्हायचंय की तुला, हेच मला समजत नाही.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. फॉर्म भरलाय.

पुन्हा मी, डिचोलीहून
काकी, तो हे तुमच्यापाशी बोलला, हे मला फार मोलाचं वाटतं. आईला एवढं सांगायचं धाडस मला कधी झालं नाही. त्याला कुणाशी बोलावंसं वाटलं तर आमच्याकडे पाठवा. रविवारी मी घरीच असते.