वाढवण बंदर: एवढे कंटेनर येणार कुठून?

दर्यावर्दी_७७
जून २०२४मध्ये केंद्राने डहाणूजवळच्या वाढवणला मंजुरी दिली, ऑगस्टअखेर पालघरला भूमिपूजनही झालं. खर्च सुमारे ७६,२०० कोटी. जेएनपीएचा (न्हावा-शेवा बंदर चालवणारं प्राधिकरण, पूर्वीचं जेएनपीटी) वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा २६. माझं मत विचाराल तर याला वीस वर्षं उशीर झालाय. न्हावा-शेव्याने २०२४-२५मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात) हाताळले. शांघाय एकटं वर्षाला पाच कोटींच्या वर जातं. आजच्या २४ हजार टीईयूच्या जहाजाला भरलेलं असताना सोळा-सतरा मीटर पाणी लागतं. न्हावा-शेव्याचा चॅनल, म्हणजे जहाजं आत येण्याची वाट, खणून १५ मीटरवर आणलाय आणि गाळ काही उपसायचा थांबत नाही. वाढवणला किनाऱ्यापासून दहा किलोमीटरवर निसर्गतःच वीस मीटरच्या आसपास खोली आहे. अजून काय हवं?

डबेवाला_सीएचए
माल हवा. जहाज पाणी बघून येत नाही, डबे बघून येतं. वाढवणची पूर्ण क्षमता २.३२ कोटी टीईयू सांगतात, म्हणजे न्हावा-शेव्याच्या आजच्या कामाच्या तिप्पट. इकडे सप्टेंबर २०२५मध्ये न्हावा-शेव्यालाच सिंगापूरच्या पीएसए कंपनीच्या टर्मिनलचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्या एकट्याची क्षमता आता ४८ लाख. वर गुजरातेत मुंद्रा आहेच, आणि उत्तरेचा माल तो आधीच खेचतोय.

आणि कोलंबोचा धंदा, म्हणजे आपले डबे तिथे एका जहाजातून दुसऱ्यात चढतात ते ट्रान्सशिपमेंट, आपण परत आणू म्हणणाऱ्यांनी एकदा नकाशा उघडावा. युरोप-आशिया जहाजांची वाट श्रीलंकेच्या खालून जाते. केरळचं विळिंजम त्या वाटेपासून जेमतेम दहा सागरी मैलांवर आहे, म्हणून तिथे ट्रान्सशिपमेंट जमतंय. डहाणूला यायचं तर दोन दिवस वर, दोन दिवस खाली. तेवढं इंधन कोण जाळेल?

दर्यावर्दी_७७
ट्रान्सशिपमेंटचं मी नावही घेतलं नव्हतं. वाढवण हे गेटवे बंदर आहे: माल इथेच उतरणार, इथूनच आत जाणार. दिल्लीजवळच्या दादरीहून येणारा मालवाहतुकीचा स्वतंत्र रेल्वेमार्ग तिथून साधारण बारा किलोमीटरवर आहे. त्याच मार्गाचा वैतरणा ते जेएनपीटी हा शेवटचा तुकडा किती वर्षं रखडला ते तुम्हालाही माहीत आहे. वाढवणचा माल त्या मुंबईच्या गर्दीत शिरतच नाही. क्षमताही टप्प्याटप्प्याने येणार, नऊ टर्मिनल एका दिवसात उभी राहत नसतात.

डबेवाला_सीएचए
रेल्वेचा मुद्दा मान्य. तो खरंच वजनदार आहे. पण निर्यातदाराला विचारा, तो खोलीबद्दल रडत नाही. लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, तेव्हा रिकामा डबा मिळेना आणि भाडं परवडेना. जगातले बहुतेक कंटेनर चीन बनवतो, मोठ्या जहाज कंपन्या सगळ्या परदेशी. धक्का आपला, बाकी सगळं दुसऱ्याचं. ७६ हजार कोटींतला थोडा हिस्सा जहाजं नि डबे बांधण्याकडे वळवला असता तर मी पेढे वाटले असते.

चिंचणीची_पोर
तुम्हा दोघांच्या हिशेबात आमचा समुद्र कुठल्या रकान्यात आहे? डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. तिथलं पर्यावरण जपायला नेमलेल्या न्या. धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने १९९८मध्ये हेच बंदर नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणाने २०२३मध्ये परवानगी दिली. मधल्या पंचवीस वर्षांत किनारा कमी नाजूक झाला का?

समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव पडणार. वाढवण-वरोरच्या खडकाळ भागात शेवंड (लॉब्स्टर) मिळते, बाहेर घोळ, पापलेट. नुकसानभरपाई बोटीच्या मालकाला मिळेलही. मासळी सुकवणाऱ्या, टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईच्या नावावर कुठला सातबारा असतो?

दर्यावर्दी_७७
पुनर्वसन नीट व्हावं हे मलाही मान्यच आहे. पण नोकऱ्या येतील, पोरं मुंबईला लोकल लटकत जाणार नाहीत, हेही धरा ना.

उरणकर
नोकऱ्यांवर मी बोलतो. जेएनपीटी १९८९ला सुरू झालं. आमच्याकडे पैसा आला, खोटं बोलणार नाही. ट्रेलर आले, यार्डं आली, कित्येकांनी गाड्या घेतल्या. पण क्रेनवर बसायला प्रशिक्षण लागतं, ते गावात वेळेवर पोचलं नाही. त्या बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याला हनुमान कोळीवाडा म्हणून जिथे वसवलं, तिथल्या घरांना वाळवी लागली. लोक दशकानुदशकं पुनर्वसन मागत राहिले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडांसाठी किती चपला झिजल्या ते वेगळंच. वाढवणला माझा सरसकट विरोध नाही. पैसे आणि प्रशिक्षण भरावाचा पहिला दगड पडायच्या आधी द्या, एवढंच.

डबेवाला_सीएचए
आधी दिलं असं एकही बंदर मला दाखवा.

चिंचणीची_पोर
@उरणकर, पैसे आधी मिळाले तरी माझा विरोध राहील. शेवंडीला प्रशिक्षण देता येत नाही.