क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमधल्या बॅलन्सची (अचूक वजनकाट्याची) रोजची तपासणी : वजनं किती ठेवावी, लिमिट काय घ्यावी? (सल्ला हवा)

लोटेकर_क्यूसी
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यात गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्यूसीत आहे. बॅलन्सची एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आत्ता रोज सकाळी प्रत्येक बॅलन्सवर १० मिग्रॅ, १०० मिग्रॅ, १ ग्रॅम, ५० ग्रॅम, २०० ग्रॅम अशी पाच वजनं ठेवतो. सगळ्यांना एकच लिमिट, ±०.१ टक्का. बॅलन्स सगळे २२० ग्रॅमचे; एक पाच दशांशी (ग्रॅमचे पाच दशांश दाखवणारा), बाकीचे सगळे चार दशांशी. सकाळचा पहिला तास यातच जातो आणि एचपीएलसीवाले (औषधातले घटक मोजणाऱ्या यंत्रावरचे) स्टँडर्ड (तुलनेसाठीचा शुद्ध नमुना) तोलायला खोळंबून राहतात. त्यातून चार दशांशीवर १० मिग्रॅचं वजन वरचेवर फेल होतं, पुन्हा ठेवलं की पास होतं. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

बोईसर_ॲनालिस्ट
आमच्याकडे रोज तीन वजनं : लहान, मधलं, मोठं. वेळ जातो हे खरं, पण ऑडिटर आला की रजिस्टर भरलेलं दिसतं. कमी करू नका, नंतर उत्तरं द्यावी लागतात.

तराजू_६३
बोईसरकर, तुमच्या म्हणण्याचा आदर ठेवून विरोध करतो. रजिस्टर भरलं म्हणजे बॅलन्स तपासला असं होत नाही.

लोटेकर, तुमचं १० मिग्रॅचं गणित मांडून बघा. त्याचा ०.१ टक्का म्हणजे ०.०१ मिग्रॅ. चार दशांशी बॅलन्सचा शेवटचा आकडाच ०.१ मिग्रॅचा असतो. म्हणजे काटा नेमका १०.० वर थांबला तर पास, एका आकड्याने हलला तर फेल. ही लिमिट तो यंत्र म्हणून पाळूच शकत नाही. आणि 'पुन्हा ठेवलं की पास' ही सवय फार घातक आहे. उद्या बॅलन्स खरंच बिघडला तरी लोक हेच करतील. हे वजन रोजच्या तपासणीतून आधी काढा.

यूएसपीच्या (अमेरिकी औषधसंहितेच्या) जनरल चॅप्टर ४१ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी तपासायला सांगितल्यात. अचूकतेसाठी कमाल क्षमतेच्या ५ ते १०० टक्के यांमधलं वजन, फरक ०.१० टक्क्यापेक्षा जास्त नको. तुमच्या २२० ग्रॅमच्या बॅलन्सला ११ ग्रॅमच्या खालचं वजन यात बसतच नाही. कारण सरळ आहे : संवेदनशीलतेतली चूक वजनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती मोठ्या वजनावर दिसते. लहान वजनावर ती आकड्यांच्या थरथरीत बुडून जाते.

त्या थरथरीसाठी दुसरी तपासणी, रिपीटेबिलिटी. एकच वजन किमान १० वेळा ठेवा-उचला आणि एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे किती विखुरतात ते) काढा. एसडीच्या दुपटीला तुम्ही तोलता त्या सर्वांत कमी निव्वळ वजनाने भागा, उत्तर ०.१० टक्क्याच्या आत हवं. थोडक्यात किमान वजन = २००० × एसडी. एसडी शेवटच्या आकड्याच्या ०.४१ पटीपेक्षा कमी आली तर ०.४१ पटच धरायची. म्हणून चार दशांशी बॅलन्स कितीही उत्तम असला तरी ८२ मिग्रॅच्या खाली आणि पाच दशांशी ८.२ मिग्रॅच्या खाली उतरू शकत नाही. युरोपियन फार्माकोपियातही २.१.७ मध्ये याच दोन तपासण्या आहेत.

माझी शिफारस : रोज २०० ग्रॅमचं एकच वजन. रिपीटेबिलिटी किती दिवसांनी, हे वापर आणि जोखीम पाहून ठरवा आणि कारण एसओपीत लिहा. कोपऱ्यांची तपासणी (वजन पॅनच्या कडेला ठेवून) आणि लिनिॲरिटी (लहान ते मोठ्या वजनांवर सारखी अचूकता) त्याहून विरळ चालते. ऑडिटरला लेखी कारण दाखवता येतं.

आणखी एक. २०० ग्रॅमचा ०.१ टक्का म्हणजे २०० मिग्रॅ. चांगला बॅलन्स तिथे एखाद-दोन मिग्रॅसुद्धा क्वचित चुकतो. म्हणून आत एक कडक इशारा-लिमिट ठेवा आणि आलेख काढा. आकडा एका बाजूला सरकतोय हे फेल व्हायच्या कितीतरी आधी कळतं.

प्रयोगशाळेतली
तराजूदादांशी सहमत. मी क्यूएत (गुणवत्ता हमी विभागात) आहे, फेल झाल्यावर काय करायचं त्याबद्दल लिहिते, कारण एसओपीत हाच भाग सर्वांत कच्चा असतो.

फेल आलं की पहिला आकडा खोडायचा नाही. आधी लेव्हलचा बुडबुडा मध्ये आहे का, पॅनवर पावडर सांडली आहे का, दारं नीट लागली आहेत का, वजन नुकतंच दुसऱ्या खोलीतून आणलंय का, एवढं बघा. गरम वजनाभोवतीची हवा वर चढते आणि ते हलकं दाखवतं. कारण सापडलं तर ते लिहून पुन्हा तपासा. नाही सापडलं तर बॅलन्सवर 'वापरू नये'ची पाटी लावा आणि क्यूएला कळवा.

कृपया थेट अंतर्गत कॅलिब्रेशनचं बटण (त्याने बॅलन्स स्वतःला ॲडजस्ट करतो) दाबून पुढे जाऊ नका. ॲडजस्टमेंट झाली की आधी चूक किती होती हे कायमचं पुसलं जातं. मागच्या पास तपासणीनंतर त्या बॅलन्सवर जे जे तोललं गेलं, त्या प्रत्येक निकालावर प्रश्नचिन्ह असतं, आणि ते सोडवायला तोच आकडा लागतो. त्या निकालांवर बॅच बाजारात गेलेली असू शकते. गोळी घेणाऱ्या माणसाला आपलं रजिस्टर दिसत नाही, म्हणून इथे घाई नको.

लोटेकर_क्यूसी
दादा, ताई, मनापासून आभार. पाच दशांशीवर रिपीटेबिलिटी घेतली. एसडी ०.०१२ मिग्रॅ आली, म्हणजे किमान वजन २४ मिग्रॅ. आम्ही त्यावर १० मिग्रॅ स्टँडर्ड तोलतो! बॅलन्स एसीच्या झोताखाली होता. दुसऱ्या भिंतीशी दगडी टेबलावर हलवला, लेव्हल केला, तापू दिला, ॲडजस्ट केला. आता एसडी ०.००५. पण किमान वजन अजून काठावर, बरोबर १० मिग्रॅ. फ्लास्कमध्येच तोलतो, म्हणजे पॅनवर एकूण वजन भरपूर असतं. त्याचा काही फायदा?

तराजू_६३
नाही. किमान वजन निव्वळ नमुन्याचं, टेअर केलेलं (शून्य करून वगळलेलं) भांडं त्यात धरत नाहीत. काठावर राहू नका, एसडी रोज सारखी येत नाही. १० मिग्रॅ १० मिलीत करता ते २५ मिग्रॅ २५ मिलीत करा. तीव्रता तीच राहते. पद्धत मंजूर आहे, तेव्हा चेंज कंट्रोलमधून (बदलाच्या लेखी मंजुरीतून) जा. महागडं इम्प्युरिटी (अशुद्धीचं) स्टँडर्ड असेल तर मात्र सहा दशांशी मायक्रो बॅलन्सच लागेल.

बोईसर_ॲनालिस्ट
हे गणित मी कधी करून पाहिलं नव्हतं. उद्या आमच्या चार दशांशीवर काय काय तोललं जातं ते लॉगबुकातून काढतो. वजनपेटी ई२ची घ्यावी की एफ१ची (वजनांच्या अचूकतेचे वर्ग, ई२ जास्त काटेकोर)?

तराजू_६३
या कामाला एफ१ पुष्कळ. २०० ग्रॅमच्या एफ१ वजनाची मुभा ±१ मिग्रॅ असते आणि यूएसपीला वजनाची मुभा चाचणीच्या लिमिटच्या एक-तृतीयांशात हवी. ती सहज बसते. पैसे वाचतील ते एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबकडून वेळेवर कॅलिब्रेशन करून घेण्यात घाला. वजन चिमट्याने उचला, हाताने कधीच नको.

लोटेकर_क्यूसी
शेवटचा प्रश्न. पावसाळ्यात आम्ही बॅलन्सच्या काचपेटीत सिलिका जेलची वाटी ठेवतो. ठेवावी का?

प्रयोगशाळेतली
काढून टाका. आतली हवा कोरडी आणि बाहेरची दमट, त्यामुळे दार उघडलं की प्रवाह सुरू होतात आणि आकडा स्थिरावत नाही. कोरड्या हवेत स्थिर विद्युतही वाढते. आर्द्रता खोलीची सांभाळा. ओलावा ओढणारा नमुना असेल तर झाकणाच्या बाटलीत तोला.

लोटेकर_क्यूसी
काढली. मसुदा झाला की इथेच टाकतो, नजर टाका.