मुलीला दिवसाच न्या

सहा वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले आजी-आजोबा यांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या थीम पार्कला हॅलोविनच्या रात्री जायचा बेत असेल, तर माझं ऐका, नका जाऊ. १९७३पासून चालत आलेली तिथली 'स्केअरी फार्म' ही रात्रीची भुताटकी खरोखर मोठ्यांसाठीच आहे. तिकीटही वेगळं काढावं लागतं. पार्कच्या घोस्ट टाउन या भागात धुरामुळे समोरचं धड दिसत नाही आणि त्यातूनच 'स्लायडर' म्हणजे भुतांच्या वेशातली कलाकार मंडळी गुडघ्यांवर घसरत, जमिनीवर ठिणग्या उडवत थेट तुमच्या पायाशी येतात. भलेभले किंचाळतात! (मित्रमंडळींबरोबर मात्र जरूर जा, मला तो भाग फार आवडतो.) मुलीसाठी दिवसाची 'स्पूकी फार्म' छान, तिथे पोरं वेश करून मिरवतात, खाऊ गोळा करतात. रात्री वेशभूषा, मुखवटे चालत नाहीत.